भरून ठेवलेला आवाज

माझा घसा बसला तो एका म्हाताऱ्या ब्रिटिश गायकाच्या कार्यक्रमात ओरडून, असं मी कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होतो. ड्युसेलडॉर्फच्या ऑफिसात सांगितलं, मराठी मंडळात सांगितलं, सांगलीला आईलाही फोनवर तेच सांगितलं. सांगायला बरं वाटायचं. पन्नाशीला टेकलेला माणूस रॉकच्या कार्यक्रमात ओरडून घसा बसवून घेतो म्हणजे त्याच्यात अजून धुगधुगी आहे, असा लोकांचा समज होतो. माझाही झाला होता.

त्या गायकाचं नाव मी लिहिणार नाही. नाव घेतलं की लोक माझं ऐकायचं सोडून त्याच्यावर बोलायला लागतात आणि प्रत्येकाकडे त्याच्याबद्दल एक ठाम मत असतं. माझ्याकडेही आहे, आणि ते मी गेली तीस वर्षं न विचारता देत आलोय.

मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते पुण्यात, इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर. कॅसेट इतक्या वेळा कॉपी केलेली होती की गाण्याच्या मागे कोणीतरी सतत कांदाभजी तळतंय असं वाटायचं. त्याच्याबद्दल जे कळेल ते आम्ही गोळा करायचो. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कोळशाच्या गावातला तो, बाप बसकंडक्टर. शाळा सोडून बेकरीत लागला, तिथून पळाला आणि मिसरूड फुटायच्या वयात जर्मनीतल्या एका बंदरात येऊन खलाशांच्या बारमध्ये गाऊ लागला. मग बँड, मग जगभर नाव, मग बँडमधली भांडणं. एकटा पडल्यावर तो ऱ्हाइनकाठी येऊन राहिला आणि गिटार बाजूला ठेवून यंत्रांवर संगीत करू लागला. त्याच्या चाहत्यांनी त्याला शिव्या घातल्या. त्याने सिनेमात एका खुन्याचं काम केलं, लहान मुलांसाठी ऑपेरा लिहिला, स्कॉटलंडमध्ये मेंढ्या पाळल्या, त्या मेल्या. एका आयुष्यात चार माणसांनी जगावं इतकं तो जगला, आणि प्रत्येक वेळी आदल्या माणसाला त्याने दाराबाहेर काढलं.

कॉलेजच्या गॅदरिंगला मी त्याची गाणी म्हणायचो. उच्चार धेडगुजरी होते, पण आवाज होता. खर्जातला, भरदार, माईक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. सुट्टीत घरी गेलो की न्हाणीघरात तीच गाणी चालायची. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "हा माणूस एवढा कशावर कावलाय रे?" पुढे नोकरीची दोन पत्रं आली, त्यातल्या एकावर ऱ्हाइनकाठचं ड्युसेलडॉर्फ लिहिलेलं होतं. दुसरं मी नीट वाचलंही नाही.

मग त्याचा घसा गेला. स्वरतंतूंचं काहीतरी दुखणं, ऑपरेशन, आणि नंतर कित्येक वर्षं तो गप्प. पण त्याच्या कंपनीकडे त्याची जुनी, न वापरलेली रेकॉर्डिंग्ज पडून होती. दर नाताळाला त्यातलं थोडं थोडं नवं म्हणून बाजारात यायचं. आम्ही खुळे ते विकत घेऊन म्हणायचो, बघा, आवाज अजून तस्साच आहे. तो मात्र त्या काळात घरी बसून होड्यांची चित्रं काढत होता. ही गोष्ट उघडकीला आली तेव्हा लोक चिडले; मला मात्र युक्ती आवडली होती. गाणारा गप्प असला तरी गाणं चालू राहतं, यात मला काही वाईट दिसलं नाही.

गेल्या वर्षी तो परत उभा राहिला, फुटक्या आवाजानिशी. कोलोनच्या मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, बायको आणि मी गेलो. तो खुर्चीत बसून गाणी जवळजवळ बोलतच होता. मागे भल्यामोठ्या पडद्यावर त्याची तरुणपणीची चित्रफीत लावलेली, आणि सगळा हॉल पडद्यावरच्या पोराबरोबर गात होता. मीही. त्याने नवी गाणी सुरू केली तशी माणसं बिअर आणायला उठली. मीही उठलो. दुसऱ्या दिवशी माझा आवाज बसलेला होता, आणि तो पुन्हा उठला नाही.

आमच्या घरच्या डॉक्टरांनी चघळायच्या गोळ्या दिल्या. इथे सुरुवातीला सगळ्याला गोळ्या आणि गरम चहा. मग घशाच्या डॉक्टरकडे जायची चिठ्ठी मिळाली, तिथली वेळ मिळेपर्यंत हिवाळा निम्मा सरला. ती डॉक्टर माझ्याहून बरीच लहान होती. नाकातून कॅमेरा घालून तिने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आल्झो," म्हणजे तर मग, "हे मला आवडलेलं नाही." जर्मन डॉक्टर असं म्हणाला की कोट घालून निघायच्या आधी माणसाने खाली बसून घ्यावं.

कर्करोग होता. एक स्वरतंतू आणि त्याच्या आजूबाजूचा भाग काढावा लागणार होता, नंतर रेडिएशन. क्लिनिकमधल्या मोठ्या डॉक्टरांनी सगळं कागदावर चित्र काढून समजावलं. मी विचारलं, आवाज राहील का? ते म्हणाले, "आवाज राहील. हा राहणार नाही."

जीव वाचेल का, हे मी त्यानंतर विचारलं. आधी आवाजाचं का विचारलं ते बायकोला कळलं, डॉक्टरांना कळलं नसावं. आईला दिसत नाही. काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्याला बरीच वर्षं झाली. ती माझ्या धाकट्या बहिणीकडे सांगलीत असते. माझे पिकलेले केस तिने पाहिलेले नाहीत, माझा चष्मा पाहिलेला नाही, हे घर पाहिलेलं नाही. दर रविवारी फोनवरून जो आवाज येतो, तोच तिचा मुलगा. बाकी मी तिच्यापुरता शिल्लकच नाही.

"आईंना आत्ता काही सांगायचं नाही," बायको घरी येताना ट्राममध्ये म्हणाली. "त्यांचं बीपी माहितीये ना तुला? ऑपरेशन होऊ दे, रिपोर्ट हातात येऊ देत, मग बघू."

बहिणीला फोन केला तर तीही तेच म्हणाली. "दादा, तू फक्त बरा हो. इकडचं मी बघते." आमच्या घरात वाईट बातमी अशीच ठेवतात, फडताळात वरच्या फळीवर, म्हाताऱ्या माणसांचा हात पोचणार नाही अशी. बाबा गेले तेव्हा त्यांचा ताप उतरत नाहीये एवढंच आईला सांगितलं होतं, आणि मी इथून पोचेपर्यंत ती देवापाशी बसून ताप उतरायची वाट बघत होती. त्या वेळी आम्हाला सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटलं होतं.

प्रश्न रविवारचा होता. दोन-तीन महिने तरी मी बोलू शकणार नव्हतो. तेव्हा मला त्या नाताळच्या रेकॉर्डची आठवण झाली. ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो आणि आईसाठी निरोप बोलून ठेवायला लागलो. बायको मोबाइल धरून समोर. फ्रिजची घरघर येते म्हणून तिने फ्रिज बंद केला, खिडकीच्या फटीत टॉवेल खुपसला. मी प्रत्येक निरोप वेगळा केला. एकात थंडीची तक्रार, एकात ऑफिसचं काम फार वाढलंय म्हणून फोन जमत नाही, एकात मंडळाच्या हळदीकुंकवाला डाळ-पन्ह्याचा कसा बोजवारा उडाला ते. मधे मधे थांबायचो, कारण आईला मधेच काहीतरी विचारायची सवय आहे आणि एकसारखं बोलत गेलो तर ती म्हणते, भाषण नको देऊस. घसा बसलेलाच होता, पण आईला त्या बसक्या आवाजाची आता सवय झाली होती. एका निरोपात मी मामाला चिडवलं. मामा मिरजेत, आईचा एकुलता एक भाऊ, गुडघे पार गेलेले आणि डॉक्टरच्या नावाने घाबरणारा. "मामाच्या गुडघ्याचं काय झालं? त्याला म्हणावं, शहाणा असशील तर मुकाट्याने ऑपरेशन करून घे. भित्रा कुठला."

बायको हसली आणि मग डोळे पुसायला उठून गेली. मला तेव्हा खरं सांगायचं तर मजा येत होती. मी स्टुडिओत बसलोय असं वाटत होतं.

ऑपरेशन झालं. मानेत टाके, गळ्यात नळी, हातात पाटी. बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. बायको ऑफिस, घर, हॉस्पिटल अशी पळत होती आणि रविवार आला की ओळीने पुढचा निरोप आईला पाठवून देत होती. आईच्या फोनला बहिणीने अशी सोय करून दिली होती की एक बटण दाबलं की आलेला निरोप वाजतो. दोन रविवार छान गेले. आईची उत्तरं यायची, ती मी उशाशी फोन ठेवून ऐकायचो. तू खाल्लंस काय, कानटोपी घालतोस ना, सगळं सगळं.

तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी मामा गेला. देवपूजा करता करता कलंडला आणि संपला.

बहिणीने आम्हाला कळवलं नाही. दादाचं नुकतंच ऑपरेशन झालंय, त्याला धक्का नको; वहिनीला सांगावं तर तिच्या तोंडावरून त्याला कळेल. तिने आमच्यापासून मामाचं मरण वरच्या फळीवर ठेवलं, जसं आम्ही तिच्या मदतीने आईपासून माझं दुखणं ठेवलं होतं. आईने तिला विचारलं, "त्याला कळवलंस ना?" ती म्हणाली, "हो, कळवलं. फार रडला दादा."

रविवारी बायकोने ओळीतला पुढचा निरोप पाठवला. बहीण तेव्हा मिरजेला मामीकडे गेली होती. आईने एकटीनेच बटण दाबलं.

संध्याकाळी बहीण आली तेव्हा आई काही बोलली नाही. जेवली नाही, पण भाऊ गेलेली बाई जेवली नाही तर त्यात नवल कसलं. सोमवार गेला. लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीन दिवसांचं. ते फिटलं म्हणून बहिणीने देवघर पुसून घेतलं आणि दिवा लावायला आईला हाक मारली. रोजचा दिवा आईच लावते, बोटांनी वात चाचपून.

"नको," आई म्हणाली. "माझं सुतक दहा दिवसांचं आहे."

बहिणीला आधी काही उमगलं नाही. "आई, भावाचं तीनच दिवस असतं."

"भावाचं तीन. मुलाचं दहा." आणि मग तिने विचारलं, "कधी गेला तो? मामाच्या आधी की नंतर?"

हे बहिणीने रडत रडत फोनवर बायकोला सांगितलं, आणि बायकोने मला, पलंगाच्या कडेला बसून. मामा गेल्याचं आणि मी गेल्याचं मला एकाच दमात कळलं.

आईचं काही चुकलं नव्हतं. जो मुलगा मामासाठी फार रडला तो दोन दिवसांनी मामाच्या गुडघ्याची चौकशी कशी करेल? तिने मागचे निरोपही पुन्हा ऐकले होते. तिने विचारलेल्या एकाही गोष्टीचं उत्तर पुढच्या निरोपात नव्हतं. आंधळ्या माणसाला आम्ही आवाजाने फसवायला निघालो होतो. बहीण शपथा घेत राहिली, आणि आई शांतपणे म्हणाली, "ह्यांच्या वेळीही तू शपथच घेतली होतीस."

डॉक्टरांना विचारून, ठरल्याच्या आधीच मी फोनवर बोललो. नळी काढलेली होती, पण आत जे उरलं होतं त्यातून हवा आणि खरखर एवढंच बाहेर पडत होतं. मी म्हटलं, "आई, मी बोलतोय."

ती म्हणाली, "कोण आहात तुम्ही?"

आईने मला आयुष्यात कधी अहोजाहो केलं नव्हतं. मी लहानपणीच्या खुणा सांगायला लागलो, कुठे पडलो होतो, कोणता कुत्रा चावला होता. प्रत्येक शब्दाला कळ येत होती. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "हे सगळं माझ्या मुलीलाही ठाऊक आहे, तिने सांगितलं असणार. तुम्ही कोणी भले गृहस्थ आहात, त्याच्या ऑफिसातले असाल. माझ्यासाठी एवढं करताय, देव तुमचं भलं करो. पण पुन्हा असं सोंग घेऊ नका." मुलांच्या आवाजात फोन करून म्हाताऱ्यांना फसवणारे लोक असतात, ओळखीच्या आवाजावरही विश्वास ठेवू नकोस, हे तिला बजावून सांगणारा मीच होतो. आणि हा तर ओळखीचाही नव्हता.

मी जायचं ठरवलं. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. रेडिएशन सुरू व्हायला थोडा अवधी होता, पण विमानप्रवास त्यांना नको होता. आजारपणाच्या रजेवर देशाबाहेर जायला क्रांकेनकासेची, म्हणजे आरोग्यविम्यावाल्यांची, संमती लागते. तिथल्या बाईला बायकोने सगळं सांगितलं. आई मुलाला मेलेलं समजते म्हणून तो तिला भेटायला जातोय, हे जर्मनमध्ये सांगताना वेड्यासारखं वाटत होतं, असं ती नंतर म्हणाली. त्या बाईने दोनदा विचारलं आणि मग संमती दिली.

सांगलीच्या घरात मी शिरलो तेव्हा आई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. देवघरात दिवा नव्हता. आई अर्धी झाली होती. मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर पुन्हा तो भला गृहस्थच झालो असतो. समोर बसलो आणि तिचे हात उचलून माझ्या तोंडावर ठेवले.

तिची बोटं कपाळावरून फिरली, चष्म्यापाशी अडखळली. मी चष्मा काढला. भुवई, नाक, हनुवटी. एखादी जुनी पितळी वस्तू आपलीच आहे का हे चाचपावं तशी ती चाचपत होती, आणि तिला खात्री वाटत नव्हती, हे मला दिसत होतं. तिच्या हातांना आठवत होतं ते तोंड तरुण होतं. मग बोटं मानेवर आली आणि टाक्यांच्या वळावर थांबली. तिथून ती हललीच नाहीत. वळ या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने पुन्हा पुन्हा मोजल्यासारखा चाचपला.

"दुखतं का रे?" ती म्हणाली.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. बहीण दारात उभी राहून रडत होती. बऱ्याच वेळाने आई तिला म्हणाली, "वात कर. आणि ह्याला मऊ भात घाल. गिळता येत नसेल त्याला."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मी होतो तेवढे दिवस ती माझा हात धरून बसायची, पण बोलणं व्हायचं ते बहिणीशी. मी काही बोलायला लागलो की तिच्या चेहऱ्यावर एक अवघडलेपण यायचं, परक्यासमोर येतं तसं. ते ती लपवायची. मग मी बोलणं कमी केलं.

परत आल्यावर रेडिएशन झालं. रोज सकाळी क्लिनिक, मान घट्ट बसवणारा मुखवटा, तोंडाला चव नाही. डॉक्टर आता समाधानी आहेत. आवाज मात्र सुधारला नाही, सुधारणार नाही, हे त्यांनी त्यांच्या पद्धतीने स्वच्छ सांगून टाकलं. मंडळाच्या आरतीला मी टाळ वाजवतो. त्या गायकाची फुटक्या आवाजातली रेकॉर्ड मी एकदा लावून बघितली आणि पहिल्याच गाण्यानंतर बंद केली.

रविवारी मी आईला फोन करतो. मी थोडं खरखरतो, ती "हं, हं" म्हणते, कळलं नाही तरी म्हणते. जेवलास का, झोप लागते का. मग ती फोन बहिणीकडे देते.

मागच्या महिन्यात एका रविवारी बहिणीने फोन उचलला तेव्हा मागून माझाच आवाज येत होता. थंडीची तक्रार करणारा, जुना, बसका पण ओळखीचा. बहीण ओशाळून म्हणाली, "दादा, आईने वहिनीकडून सगळे निरोप मागवून घेतले. न पाठवलेलेही. रविवारी लावायला सांगते. मी नको म्हटलं तिला." मी म्हटलं, राहू दे. तिने फोन आईच्या हातात दिला.

निरोप चालूच होता. मी तेव्हा थांबलो होतो त्या प्रत्येक जागी आई आता बोलत होती. "कानटोपी घाल ना मग," ती म्हणाली, आणि माझा आवाज पुढे निघाला, ट्रामच्या थांब्यावरच्या वाऱ्याबद्दल बोलू लागला. ती मधेच हसली. कितीतरी दिवसांत तिला हसताना ऐकलं नव्हतं.

"आई," मी म्हटलं.

"थांब रे जरा," ती मला म्हणाली. "त्याचं होऊ दे."